बालरोग विभागात रुजू होताय? आधी वजनकाट्याशी ओळख करून घ्या

कोल्हापुरात बालरोगात एम.डी. करायचं तर दोन ठिकाणं आहेत. एक सीपीआर, म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. दुसरं डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय. पहिल्याची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, दुसरं अभिमत विद्यापीठाखाली येतं. प्रवेश नीट-पीजीवर आणि मुदत तीन वर्षं, हे दोन्हीकडे सारखंच. पहिल्या रात्री वॉर्डात उभं राहिल्यावर पडणारा प्रश्नही सारखाच: समोरचं मूल किती किलोचं आहे?

इंटर्नशिपमध्ये मोठ्यांच्या वॉर्डात "एक ग्रॅम, दिवसातून दोनदा" असं लिहायची सवय हाताला लागलेली असते. इथे एकाच ड्युटीत ९०० ग्रॅमचं बाळ आणि ४५ किलोचा नववीतला मुलगा येतो. वजनात पन्नास पट फरक, म्हणून औषधातही पन्नास पट. बालरोगात नवख्या रेसिडेंटच्या हातून होणाऱ्या गंभीर चुका निदानाच्या कमी आणि हिशोबाच्या जास्त असतात. म्हणून ही माहिती वजनापासून सुरू केली आहे. डोसच्या बाबतीत तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच धरायचा.

वजन घ्यायचं कसं

ड्युटी सुरू झाली की सलाइनची ५०० मिलीची सीलबंद बाटली बाळांच्या काट्यावर ठेवा. रोज तीच बाटली ठेवली तर रोज तोच आकडा यायला हवा. नाही आला, तर काटा सपाट जागेवर आहे का, तव्याखाली चादरीचं टोक अडकलंय का, ते बघा. नवजात बाळाचं वजन उघडं, लंगोट काढून घ्यायचं. हाताला स्प्लिंट आणि पट्टी बांधलेली असेल तर आकड्यापुढे "स्प्लिंटसह" असं लिहा. नाहीतर दुसऱ्या दिवशी स्प्लिंट निघतं, वजन घटलेलं दिसतं आणि सगळं युनिट दूध वाढवायच्या मागे लागतं. आईला कडेवर मूल घेऊन उभं करायचं आणि मग आईचं वजन वजा करायचं, हा उपाय मोठ्या मुलापुरता ठीक आहे. चार किलोच्या बाळाला त्या काट्याची अर्ध्या किलोची चूक परवडत नाही.

"दहा किलो हाय, अंगणवाडीत केल्तं," असं आई सांगते तो आकडा बहुधा दोन महिन्यांपूर्वीचा असतो. तो वाढीच्या तक्त्यासाठी उपयोगी आहे, डोससाठी नाही.

मूल झटक्यात असेल आणि काट्यावर ठेवणं शक्य नसेल, तर एक ते सहा वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक आठ, आणि वर्षाखालच्या बाळासाठी महिन्यांत नऊ मिळवून आलेल्या बेरजेचा निम्मा, हा अंदाज धरा. तीन वर्षांचं मूल म्हणजे १४ किलो. मात्र आकड्यापुढे "अंदाजे" लिहायलाच हवं, आणि मूल स्थिरावलं की खरं वजन घ्यायचं. लांबीवरून वजन सांगणारी परदेशी रंगीत टेप आपल्याकडच्या मुलांचं वजन बऱ्याचदा जास्त दाखवते. कुपोषित मुलाच्या बाबतीत तर हे सगळेच अंदाज फसतात.

वजन केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात, तारीख आणि वेळेसह, गोल करून लिहा. रात्री तीन वाजता धावत आलेल्या दुसऱ्या डॉक्टरला ते शोधायला लागता कामा नये.

हिशोब कागदावर, आणि मोठ्यानं

औषधाच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: किलोमागे किती मिलिग्रॅम, एकूण किती मिलिग्रॅम, कुपीत मिलीला किती मिलिग्रॅम, आणि शेवटी किती मिली. नुसते मिली लिहिलेली ऑर्डर अर्धवट समजा.

अमिकॅसिन या प्रतिजैविकाचं उदाहरण घ्या. २.८ किलोचं बाळ, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४२ मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिली औषध असतं, म्हणून ०.८४ मिली. पण बाजारात अमिकॅसिनच्या १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या कुप्या मिळतात, आणि तिन्हींत द्रव २ मिलीच असतो. स्टोअरमधून त्या रात्री ५०० ची कुपी आली आणि ऑर्डरवर फक्त "०.८४ मिली" असेल, तर बाळाला २१० मिलिग्रॅम जातं. पाचपट. मूत्रपिंड आणि कान, दोन्हींना धोका. ऑर्डरवर ४२ मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर सिस्टर कुपी बघून थांबतात आणि विचारतात.

०.८४ मिली ओढायला एक मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात, आणि ४० युनिटची की १०० युनिटची यावर एका खुणेचा अर्थच बदलतो. दशांश चिन्हाआधी शून्य लिहा. टिंब पुसट उमटलं की .५ चे पाच होतात.

अॅड्रेनलिनचा अँप्युल एक मिलीचा, १:१००० चा असतो. त्यात नऊ मिली सलाइन घातलं की १:१०,००० होतं. हृदय थांबलेल्या मुलाला शिरेतून यातलं किलोमागे ०.१ मिली. अॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावरच्या अॅलर्जीत, मात्र न पातळ केलेलं, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये बिनलेबलच्या पडल्या असतील तर अपघाताची वाट बघायची नाही, त्या टाकून द्यायच्या. चिकटपट्टीवर औषध, मिलीतलं प्रमाण आणि वेळ लिहून ती नळीवर लावायला दहा सेकंद लागतात.

औषधं मिसळण्याच्या दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. झटक्यांवरचं फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे स्फटिक होतात. किलोमागे २० मिलिग्रॅम, आणि वेग मिनिटाला किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणजे निदान वीस मिनिटं. ईसीजी मॉनिटर लावलेला हवा. सेफ्ट्रायअॅक्झोन हे प्रतिजैविक रिंगर लॅक्टेटच्या लाइनमधून सोडायचं नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रायअॅक्झोन द्यायचंच नाही.

सलग ड्युटीच्या विसाव्या तासाला गुणाकार चुकतो. हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही. पोटॅशियम, इन्सुलिन, मॉर्फिन, डिगॉक्सिन आणि नवजात बाळाचं प्रत्येक इंजेक्शन, यांचा हिशोब सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून स्वतंत्रपणे करवून घ्या. तुमचं उत्तर आधी सांगितलंत तर समोरचा माणूस फक्त मान हलवतो.

सलाइन

चोवीस तासांची गरज अशी काढतात: पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०. चौदा किलोच्या मुलाला १००० अधिक २००, म्हणजे दिवसाला १२०० आणि तासाला ५० मिली. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिली, म्हणून तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब यांचा आकडा एकच येतो: ५०. पण साधा सेट बहुधा २० थेंबांचा असतो. त्यावर कुणी ५० थेंब लावले तर तासाला १५० मिली जातात. त्यामुळे ऑर्डरमध्ये "मायक्रो सेटवर" हे शब्द हवेतच. पंप नसेल तर ब्युरेट, म्हणजे सलाइनच्या नळीवरची मापाची डबी, वापरा आणि त्यात दोन तासांपुरतंच पाणी भरा, इथे १०० मिली. रात्री आईच्या हाताचा धक्का लागून क्लॅम्प उघडला तरी शंभरच्या वर जाणार नाही.

नवजात बाळं सोडली तर द्रव आयसोटॉनिक, म्हणजे रक्ताइतक्याच क्षारांचा, हवा: नॉर्मल सलाइनमध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोज. आयसोलाइट-पी अजून बऱ्याच कपाटांत असतं. त्यात लिटरला जेमतेम २५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं. न्यूमोनिया, मेनिंजायटिस किंवा ऑपरेशननंतरच्या मुलाचं शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात हे पातळ पाणी गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि दुसऱ्या दिवशी मुलाला झटके येतात. पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ५०० मिलीच्या बाटलीत पाच मिली घातले की नेहमीचं प्रमाण होतं. लघवी झाल्याशिवाय घालायचं नाही, आणि घातल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. नाहीतर ते तळाशी बसतं आणि पहिल्या तासातच सगळं जातं. शिरेतून थेट तर कधीच नाही.

जुलाबानं पूर्ण सुकलेल्या मुलाला रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिली लागतं. वर्षाखालच्या बाळाला त्यातले ३० मिली पहिल्या तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत. वर्षावरच्या मुलाला ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. आठ किलोच्या बाळाचे २४० आणि मग ५६०. अतिकुपोषित मुलाला हे गणित लावू नका. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर हृदयाला एवढं पाणी झेपत नाही. असं मूल शॉकमध्ये असेल तर तासाला किलोमागे १५ मिली, आणि दर दहा मिनिटांनी नाडी व श्वास.

बोलस, म्हणजे शिरेतून झटपट सोडायचं सलाइन, सुरू करायच्या आधी यकृताची कड बोटांनी शोधा आणि पोटावर बॉलपेननं रेघ मारा. किलोमागे १० मिली संपले की पुन्हा हात ठेवा. रेघेच्या खाली कड सरकली, श्वास वाढला किंवा फुप्फुसाच्या तळाशी चरचर ऐकू आली, तर थांबा आणि वरिष्ठांना बोलवा. पोटावर रेघ नसेल तर "मघाशी किती होतं" यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही.

आईचे शब्द

केस हिस्टरीचं शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं आणि समोरची आई कोल्हापुरी बोलते. "ढाळ लागल्यात" म्हणजे जुलाब. "वकारतंय" म्हणजे उलट्या किंवा नुसत्याच उमाळ्या, यातलं कुठलं ते विचारा. "पोट उडतंय" असं ऐकलं की झबलं वर करून बरगड्यांखालचा खड्डा बघायचा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा धावतो. "डोळं पांढरं केलं" हे बहुधा झटक्याचं वर्णन असतं. आणि "पोरगं गप पडलंय, अंगावर पीत न्हाई" हे वाक्य दोन महिन्यांखालच्या बाळाबद्दल ऐकलं तर ताप असो वा नसो, दाखल करून घ्या.

काही गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नाकात तेल घातलं का? ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. धुरी देता का, गुटी कशात उगाळता, पोटावर बिब्बा घातला का? रागानं विचारलंत तर पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही. प्रश्न आज्जीला विचारा, आईला नको. घरातला निर्णय बऱ्याचदा तिचा असतो, आणि आईला सगळ्यांसमोर बोल लागत नाही. "आज्जी, तुम्ही एवढी पोरं वाढवलीत, याला काय काय दिलंय ते सगळं सांगा," एवढ्यावर बहुतेक आज्ज्या मोकळेपणानं बोलतात.

इथल्या जिल्ह्याचे रुग्ण

पावसाळ्यात डेंग्यू. धोका ताप उतरताना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवशी असतो, आणि नेमकं तेव्हाच "ताप गेला, घरी सोडा" असा आग्रह होतो. पोट दुखतंय, सारख्या उलट्या, हात गार, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढतोय आणि प्लेटलेट उतरतायत, यातलं काही असेल तर सोडू नका. आयब्युप्रोफेन नको.

ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोप्यांतून मुलं येतात. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीनं उठलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर दाताची खूण दिसली नाही तरी मण्यार चावली असेल असं धरून चाला. घोणसाची शंका असेल तर दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्या, वीस मिनिटं अजिबात हलवू नका, मग एकदाच तिरकी करून रक्त गोठलंय का ते बघा. प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते.

इथे वजनाचा नियम मोडतो. सर्पविषावरची लस (अँटिव्हेनम) मुलाच्या वजनावर ठरत नाही, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. मोठ्यांना सुरुवातीला दहा कुप्या, तर दहा किलोच्या मुलालाही दहाच. वजनावर ठरतं ते फक्त लस मिसळायचं सलाइन: किलोमागे पाच ते दहा मिली, तासाभरात. अॅड्रेनलिन भरून शेजारी ठेवल्याशिवाय लस सुरू करू नका.

घाट चढून कोकणातून येणारी विंचूदंशाची मुलं घामानं भिजलेली, हातपाय बर्फासारखे गार आणि नाडी धावती अशी असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन सगळीकडे पोचलं. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडातून. १२ किलोच्या मुलाला ३६० मायक्रोग्रॅम लागतात: एक मिलिग्रॅमची साधी गोळी चुरून दहा मिली पाण्यात ढवळा, गाळ बसण्याआधी ३.६ मिली ओढा. एक्सएल गोळी चुरायची नाही, ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. मुलाला उचलून बसवू नका, रक्तदाब कोसळतो. आणि गार हात बघून सलाइन ओतू नका, हृदय आधीच थकलेलं असतं.

प्रबंध आणि जिल्हा रोटेशन

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) आणि एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या सहा महिन्यांत उरकायची असते, म्हणून विषय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ठरवा. वॉर्डाचं गेल्या वर्षाचं रजिस्टर उघडून त्या आजाराची किती मुलं आली ते स्वतः मोजा. आपल्या लॅबमध्ये न होणाऱ्या तपासणीवर बेतलेला प्रबंध किट संपलं की अडकतो. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी असते. त्या काळात तुमच्या केसेस कोण नोंदवणार हे आधीच गाइडशी बोलून ठेवा.

सोडताना

घरी पाठवायचा दिवस पावसाळ्यातला असेल तर गाव विचारा. पंचगंगा फुगली की गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, शिरोळच्या काही गावांना वळसा पडतो. "तीन दिवसांनी दाखवा" असं लिहिण्याआधी तिसऱ्या दिवशी एस.टी. येणार आहे का ते बघा, नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी द्या. ऊसतोड कुटुंबाला चिठ्ठीवर वजन, निदान, दिलेली औषधं आणि राहिलेल्या लसी लिहून द्या. पुढचा डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातला असेल.

मग औषध. पॅरासिटामॉलच्या दोन ताकदींची सिरपं आणि थेंब, तिन्ही बाटल्या एकाच घरात असू शकतात. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम म्हणजे पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचे ६ मिली, पाच मिलीत २५० च्या सिरपचे ३ मिली, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. "एक चमचा" असं कधीच सांगू नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. कोरी पाच मिलीची सिरिंज सुई काढून आईच्या हातात द्या, घरी २५० चं सिरप असेल तर तीनच्या खुणेवर चिकटपट्टीची बारीक पट्टी लावा आणि तिच्याच बाटलीतून तिला ओढायला सांगा. पहिल्यांदा बहुधा हवेचा बुडबुडा येतो. सिरिंज उभी धरून टिचकी मारायला शिकवा, आणि दुसऱ्यांदा नीट ओढलं की मगच डिस्चार्ज कार्डावर सही करा.